आमचे सर मंत्री झाले

कार्ल्सरूहे, जर्मनी, सप्टेंबर २००६

तीर्थरूप बाबा, लांबूनच पाया पडते.

मी बरी आहे, नीट जेवते. आईचा गुडघा कसा आहे?

माझे पीएचडीचे गाईड कुबेश सर त्यांच्या देशात, चेकमध्ये, प्रागला मंत्री झाले, म्हणून तुम्ही सोसायटीत पेढे वाटलेत. पण बाबा, दुसरा गाईड मिळाला नाही तर माझा व्हिसाच जाईल. त्यांचं सरकार लवकर पडावं म्हणून मी गणपतीला साकडं घातलंय. आईला सांगू नका.

निघताना सरांनी विचारलं, "तुझ्यासाठी कुणाशी बोलून ठेवू का?"

मी आपली सवयीने म्हणाले, "नको सर, तुम्हाला कशाला त्रास!"

आपल्याकडे पुन्हा एकदा विचारतात हो. ते "बरं" म्हणाले आणि ट्रेनमध्ये चढले.

काळजी करू नका.

तुमची,
कादंबरी