केरा

मात्सुए, १२ जानेवारी १९२२

ती. बाबांस मिसाओचा वाकता येईल तेवढा वाकून नमस्कार. वि. वि.

पाय सुजलेत, सुईण तोंड वाकडं करते. पहिलं बाळंतपण माहेरी, हे ठरलेलंच. बर्फातली गाडी पाठवा. सासूबाई चांगल्या आहेत, पण आई ती आई. तुमच्या जावयांनी, म्हणजे मास्तरांनी, नवं खूळ घेतलंय: तुमच्या भट्टीतून पोलादाचा गोळा निघतो, तो ‘केरा’. तो शब्द आपल्या लिपीत लिहिताना ‘धातू’च्या चिन्हाला ‘आई’चं चिन्ह का जोडतात? मी म्हटलं, बाबांनाच विचारा, तिथे तर बाईला पाऊल टाकू देत नाहीत!

लोभ आहेच, तो गाडीत घालून धाडावा.

मिसाओ

ओकुइझुमो, १८ जानेवारी

चि. मिसाओस धुरातून आशीर्वाद.

पोरी, आत्ता नको. भट्टी लागली आहे. आमची देवी कानायागो भारी तिरसट. घरात सोयर आलं की भट्टीच्या मुख्याने, म्हणजे मी, आगीपासून उठायचं, नाहीतर लोखंड नासतं. हा माल चांगला निघाला तरच मालक पुढची भट्टी लावणार, नाहीतर सगळी वस्ती उठली. तुझी आई माझ्याशी बोलत नाही. भट्टी निघाली की गाडी पाठवतो, तोवर कळ काढ.

मास्तरांना सांग, केरातून विळे, तलवारी सगळं जन्मतं, म्हणून ती आई. माझे वडील असंच सांगत.

गेन्साकु

मात्सुए, २४ जानेवारी

ती. मामांस तोकुजिरोचा नमस्कार. कसं लिहू कळत नाही.

काल मुलगी झाली. ती सुखरूप आहे. मिसाओ गेली. रक्त थांबलंच नाही. शेवटपर्यंत एकच विचारत होती, भट्टी निघाली का, म्हणजे मला जाता येईल.

तोकुजिरो

ओकुइझुमो, २९ जानेवारी

चि. जावईबापूंस,

भट्टी निघाली. केरा अखंड निघाला, असा मी जन्मात पाहिला नाही. मालक म्हणाले, वा, गेन्साकु! आणि म्हणाले, आता बंद करू, परदेशी लोखंड स्वस्त पडतं.

मास्तर, माझ्या वडिलांनी चुकीचं सांगितलं. केरा आई नव्हे. भट्टीला दार नसतं. मातीच्या भिंती फोडाव्या तेव्हा तो पोटातून बाहेर येतो. सगळे त्याच्याभोवती नाचतात आणि फुटलेली माती ओढ्याकाठी टाकतात. आई ती माती. मीच फोडली.

मिसाओला घेऊन या. आमच्या देवीला सोयर चालत नाही, सुतक चालतं. आता कुणाची आडकाठी नाही.

गाडी पाठवली आहे.

गेन्साकु