दोन सीटची गाडी

३ मार्च

नणंदेचं पुन्हा तेच — "दादाचं टेबल कधी आवरणार?" आवरते म्हटलं. आवरलं नाही.

टेबलावर ह्यांची गाडी आहे. जपानी, उघड्या टपाची, दोनच सीटची. तळहातावर मावेल एवढी, सुटे भाग जोडून करायची. तळ आणि सीटा चिकटवून झाल्यात, बाकीचे भाग अजून खोक्यात प्लास्टिकच्या चौकटीला लटकलेले.

शेवटी शेवटी हे दार लावून हिच्यापाशीच बसायचे. मी चहा घेऊन गेले की घाईघाईने वर वर्तमानपत्र टाकायचे. "झाल्यावर बघ." एवढंच. माझ्याशी दोन शब्द बोलायला धाप लागायची, चिमट्याने चिकटवायला मात्र लागत नव्हती. राग येतो. गेलेल्या माणसावर रागावू नये हे कळतं, पण येतो त्याला काय करू?

४ मार्च

कामावर, दातांच्या लॅबच्या जिन्यात रडू आलं. कारण काही नाही.

६ मार्च

जन्मभर ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवलं ह्यांनी. म्हणजे जन्मभर बाजूच्या सीटवर, स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, आपला जीव मुठीत. अख्ख्या गावाला शिकवलं, मी तेवढी राहिले. "तुलाही शिकवीन एकदा" — लग्नापासून ऐकतेय. मी म्हणायची, घरात भांडतो तेवढं पुरे, रस्त्यावर कशाला.

आणि शेवटी गाडी आणली ती ही. एकट्यानेच निघायचं असणार. टप उघडा, वारा, केस उडताहेत — केस होते कुठे म्हणा!

पुरी करायची. मीच करते.

९ मार्च

लॅबमध्ये कवळ्या करून करून हात बसलाय, त्यामुळे जड गेलं नाही. ह्यांचं काम बघून हसू आलं. जिकडेतिकडे गोंद ओघळलेला. आणि बाजूच्या सीटपुढे, पाय ठेवतात तिथे, कणीएवढं प्लास्टिक वर आलेलं. खोक्यातल्या कागदावरच्या आकृतीत तिथे काहीच नाही. कवळीला असं काही राहिलं तर पेशंट हिरडी धरून परत येतो. माझी घासायची छोटी मशीन लावली, सपाट केलं, फुंकर मारली. चला, मला पाय ठेवायला जागा झाली. बाजूला बसणारी मीच ना.

१४ मार्च

झाली. लाल रंग छान बसलाय. काच लावली, चाकं लावली, टेबलावर ठेवली आणि बघत बसले. एवढा जीव हिच्यात ओतला. थोडा माझ्यासाठी ठेवला असता तर काय बिघडलं असतं?

१६ मार्च

लंबू आला होता. ह्यांच्याबरोबर शिकवायचा तो. स्कूलच्या गाडीत ह्यांचा चष्मा राहिला होता, तो द्यायला. गाडी दिसली तशी उचलून डोळ्यांजवळ नेली.

"वहिनी, ब्रेक कुठे गेला?"

आहे की, म्हटलं, ड्रायव्हरकडे.

"तो नव्हे. मास्तरांच्या बाजूचा. आपल्या स्कूलच्या गाड्यांना असतो ना, तसा. स्वतः कापून लावलेला त्यांनी. मला फोटो पाठवला होता."

फोनमध्ये शोधून दाखवला. बाजूच्या सीटपुढे कणीएवढा.

"म्हटलं, मास्तर, इथे कशाला? तर म्हणाले, गाडी तुझी वहिनी चालवणार, मी बाजूला. ब्रेक नको का?"

चहा टाकते म्हणून आत गेले. पातेलं ठेवलं, गॅस पेटवायचा राहून गेला. लंबू बिचारा बराच वेळ बसला आणि मग हळूच दार ओढून गेला.

१९ मार्च

लॅबमध्ये धातूचा ब्रेक ओतला. बरोबर बसला. लंबूला सांगितलं, सोमवारपासून मला शिकव. ह्यांनी लावलेला तेवढा मी फुंकर मारून उडवला.