बियांकी कोणाच्या हाती द्यावी

मी, शालिकराम पुंजाजी बोडखे, वय वर्षे सव्वीस, शिक्षण मराठी सहावी, धंदा सायकल दुरुस्ती, राहणार रिसोड, तालुका वाशीम, जिल्हा अकोला, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहितो. ताप उतरलेला असताना लिहितो, हे मुद्दाम नमूद करतो, कारण उद्या कोणी म्हणेल की तापात लिहिले. दसऱ्याला सायकलवरून पडून माझा उजवा पाय मोडला व जखम चिघळली. शनिवारी अकोल्यास पाय कापणार आहेत. डॉक्टर म्हणाले, काळजी करू नको. असे ते सगळ्यांनाच म्हणतात काय, हे मी कंपाउंडरला विचारले. तो नुसता हसला. म्हणून हा कागद.

कलम १. घरातील माझा हिस्सा व पोस्टातील पुस्तक माझी आई प्रयागबाई हिचे. न्हाणीकडची भिंत शेजाऱ्याने वीतभर आत घेतली असावी असा माझा संशय आहे. दोरी लावून मोजावे. दोरी त्याच्याकडून मागून आणू नये.

कलम २. दुकानातील नट आवळायचे पाने, पंप व पंक्चरची पेटी विकू नये. पाने एकूण अकरा आहेत. दहा भरल्यास अकरावा कोठे आहे हे समोरच्या पानपट्टीवाल्यास विचारावे.

कलम ३. इटालियन सायकल. ही मी लढाईत इटलीत असताना पिएत्रो नावाच्या म्हाताऱ्या मिस्तरीकडून दोन ब्लँकेटे व एक बूटजोड देऊन घेतली आणि सुटी करून वळकटीत आणली. चोरीची नाही. त्याच्या सहीची पावती पत्र्याच्या डबीत आहे. गावात कोणास इटालियन वाचता येत नाही हा माझा दोष नव्हे.

सायकलचे नाव बियांकी. लिहिलेले पाहून लोक बियांची म्हणतात, ते चूक. गिअर काम्पान्योलोचा. त्यात ग लिहितात पण म्हणत नाहीत. आपण ज्ञ लिहितो एक व म्हणतो एक, तसेच. साखळी रेजीना. नाव चुकले की पिएत्रो माझ्या हातातून पाना काढून घेई व बरोबर म्हटल्यावरच परत देई. ज्याला नाव नीट घेता येत नाही, तो वस्तूही नीट धरत नाही, असे त्याचे मत होते व माझेही आहे. ही सर्व नावे मी वहीत उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. जो दोन साक्षीदारांसमोर तिन्ही नावे बरोबर म्हणेल, त्यालाच सायकल व वही द्यावी.

कलम ४. माझा चुलतभाऊ उकंडराव यास सायकल, वही अगर दुकान यांपैकी काहीही देऊ नये. कारणे अशी. तो चारचौघांत विचारतो, "हे कोण्या बियाणी शेठची सायकल होय रे?" वहीच्या तिसऱ्या पानावर त्याच्या अंगठ्याचा काळा ठसा आहे. मुख्य कारण हे की, या सायकलच्या पुढच्या चाकाला नट नाही, एक दांडी आहे. दांडी मिटली की चाक घट्ट, उघडली की सैल. मी रोज तपासतो. दसऱ्याला मात्र सायकल पूजेत होती आणि पूजेतल्या हत्याराला सीमोल्लंघनापर्यंत हात लावायचा नाही, म्हणून तपासली नाही. सोने लुटायला निघालो तेव्हा उतारावर चाक निघाले. मी पडल्या पडल्या पाहिले की उकंडरावाने सायकल उचलली व दांडीजवळचे काहीतरी खिशात टाकले. विचारल्यावर तो खाली मान घालून म्हणाला, "माह्याच हातून राह्यली उघडी." हा कबुलीजबाब समजावा.

येथपर्यंत सोमवारी लिहिले. पुढील मजकूर बुधवारचा. कलम ४ रद्द आहे, पण खोडलेले नाही, कारण मृत्युपत्रात खाडाखोड दिसली की सगळ्याच कागदावर संशय येतो.

कलम ५. हे कलम आईसमोर मोठ्याने वाचू नये. साक्षीदारांनी मनात वाचावे.

काल आई भाकर घेऊन खाटेजवळ बसली होती. मी पुरावा पक्का करावा म्हणून विचारले, पूजेच्या दिवशी उकंडराव सायकलपाशी आला होता काय.

ती म्हणाली, "त्याले कायले येऊ देईन? पूजा म्याच केली. झेंडूचं फूल काही केल्या टिकेना. मंग ते बारीक दांडी उघडून त्यात देठ खोचलं."

मी हातातली भाकर ताटलीत परत ठेवली.

"फूल पक्कं बसलं नाही, बापू. पक्कं बसलं असतं तं तू पडला नसता."

संध्याकाळी उकंडरावास बोलावले. खिशात काय टाकले होते, असे विचारले. त्याने कोटातून वाळलेले झेंडूचे फूल काढले.

"मंग कबूल काहून झाला?"

"काकूचं नाव सांगू काय? तुह्या पायापायी थे जन्मभर रडन."

"आन वहीवरचा ठसा?"

"तू निजून राह्यला खाटेवर. दुकान कोणं चालवावं? नावं पाठ करून राह्यलो होतो."

मी तेथेच परीक्षा घेतली. काम्पान्योलो आले. रेजीना आले. बियांकीला तो बियाणीच म्हणाला. मुद्दाम चुकवतो असा माझा संशय आहे, पण कलम ३ मधील अट मी त्याच्यापुरती काढून टाकतो. माझ्या पश्चात सायकल, वही, अकरा पाने व दुकान उकंडरावाचे. मी परत आलो तर निम्मे.

कलम ६. दर दसऱ्याला सायकलची पूजा आईनेच करावी व फूल तिला हवे तेथे खोचू द्यावे. ती घरात गेल्यावर उकंडरावाने दांडी मिटून चाक हलवून पाहावे. पूजेतल्या हत्याराला हात लावल्याचे पाप माझ्या नावावर धरावे. फूल पडल्यास दुसरे खोचावे, दांडीत नव्हे, आणि आईला फूल पक्के बसले आहे असे सांगावे.

हे मी राजीखुशीने, कोणाच्या धाकाशिवाय लिहिले. उकंडराव साक्षीदार नाही, कारण ज्याला मिळते त्याने साक्ष घालू नये असे अर्जनविसाने सांगितले. मृत्युपत्राचे कागद तीन, प्रत्येकावर सही.

सही: शालिकराम पुंजाजी बोडखे

साक्षीदार:
१. मदनसिंग रामधन ठाकूर, राहणार रिसोड (कलम ५ मनात वाचले)
२. जगदेव तुळशीराम खंडारे, राहणार रिसोड (चष्मा नसल्याने मदनसिंगाने कानात सांगितले)

मुक्काम रिसोड, कार्तिक शुद्ध पक्ष, शके १८६८, बुधवार