करवाल्यांच्या फेऱ्या

१४ जून
आधी पासबुक, आता व्याजाचा दाखला गायब! करसल्लागारांचा मेसेज — "ताई, बँकेचा दाखला अजून हाती आला नाही." अहो, गेल्याच आठवड्यात आईने बँकेतून आणला. मीच पिटाळलं होतं तिला. मग गेला कुठे? पाय फुटले?

बाबा गेल्यावर त्यांच्या ठेवी माझ्या नावावर झाल्या. मी इकडे परदेशात, म्हणून बँक तिकडे व्याजावर भरमसाट कर कापते. रिटर्न भरलं की बराचसा परत मिळतो. एवढंसं काम, आणि हे गृहस्थ चघळत बसलेत.

१९ जून
जेवणाच्या सुट्टीत आईला व्हिडिओ कॉल. मागे टेबलावर दोन कप.

"कोण आलं होतं?"

"अगं, करवाले. तुझ्याच कामाला."

परत? आणि आई घरात इस्त्रीच्या साडीत! विचारलं तर म्हणे, गाऊन वाळत घातलाय. एकच गाऊन आहे का तिच्याकडे?

२६ जून
समोरच्या काकूंना फोन केला. सहज म्हणून. त्या तयारच बसल्या होत्या! "येतात गं, आठवड्यातून दोनदा तरी. दार सताड उघडं असतं, तसं काही नाही. पण हसण्याचा आवाज पार जिन्यापर्यंत!" वर आणखी माहिती — गृहस्थांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. भाड्याच्या खोलीत एकटेच राहतात.

भाड्याच्या खोलीत. आणि आईच्या नावावर घर. मला काय कळत नाही?

दुपारभर प्रयोगशाळेत डोकं ठिकाणावर नव्हतं. पाण्याचा एक नमुना दोनदा तपासला, एक राहूनच गेला. साहेबांच्या लक्षात आलं. मान खाली घालून ऐकून घेतलं.

१ जुलै
आई म्हणते, "घराचे कागदही दाखवले त्यांना. मीच म्हटलं, बघा सगळं नीट आहे का."

झालं! माझ्या रिटर्नला आईच्या घराचे कागद कशाला?

२ जुलै
राहवेना. त्यांना फोन केला. मी जरा जास्तच बोलले. "एकटी बाई बघून घरात शिरता" — असंही बोलले. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी म्हणाले, "तुम्ही लांब आहात, काळजी वाटणारच. फाइल आणून देतो. फी राहू द्या."

बघा, कसं गोड बोलतात! फी नको म्हणणाऱ्याची मला जास्त धास्ती.

५ जुलै
फाइल घरी आली. आईने एकेका पानाचा फोटो काढून पाठवला. सगळं जागच्या जागी, चिठ्ठ्या लावून. चूक सापडेना. सापडली असती तर बरं वाटलं असतं.

आणि दाखला? तोही मिळाला! "कपाटात होता," आई म्हणाली. त्यांनीच नेला असणार, आता हळूच आणून ठेवला.

११ जुलै
रिटर्न भरलं. माझं मी! आईला म्हटलं, "आता त्या माणसाचा आपल्याशी संबंध नाही."

"बरं."

फोन तिने ठेवला. एरवी मीच ठेवते.

१५ जुलै
आई दोन वाक्यांपलीकडे बोलत नाही. तब्येत? नाही म्हणते.

२० जुलै
आज तीच बोलली.

"दाखला मी दडवला होता. त्याआधी पासबुकही. कागद पुरे झाले असते तर ते कशाला आले असते? तू फोन करतेस — जेवलीस का, गोळी घेतलीस का, संपलं. त्यांना माझ्या नोकरीच्या गोष्टी ऐकायच्या असतात. मी केलेली नक्कल बघून हसतात."

आई नकला करते? मला माहीतच नाही!

"मला सांगायचंस ना."

"काय सांगायचं होतं?"

 मग तिने हळूच विचारलं, "तू काही बोललीस का गं त्यांना? फाइल दारातच ठेवून गेले. पाणीसुद्धा घेतलं नाही."

नाही म्हणावंसं वाटलं. "हो," म्हटलं. सगळं सांगितलं, शब्दन् शब्द.

रडली नाही. चिडलीही नाही. "असू दे. मी बघते," एवढंच म्हणाली.

२४ जुलै
माफी मागायला आज त्यांना फोन लावला. उचलला आईने.