साफ केलेला आवाज

४ मार्च

मिळाली कबुली! ह्यांच्या भागीदाराने काल स्टुडिओत चहा पिता पिता सगळं ओकून टाकलं — दोघांच्या गोदामाला आग त्यानेच लावली, विम्यासाठी. रखवालदार जळून गेला, पण तो आत झोपलाय हे ठाऊक नव्हतं म्हणे. बिचारा! ह्यांनी खिशातल्या रेकॉर्डरवर गुपचूप टिपलं सगळं. माझा धाकटा भाऊ केवळ गोदामाच्या किल्ल्या सांभाळायचा म्हणून तुरुंगात सडतोय. आता सुटेल. आज ह्यांचा चक्क अभिमान वाटला. सवय नाही त्याची, फार टिकायचा नाही.

९ मार्च

अभिमान संपला.

भावाच्या वकीलबाईंनी रेकॉर्डिंग ऐकून विचारलं, "इतकं स्वच्छ कसं?" तर आमचे ध्वनितज्ज्ञ खुशीत येऊन सांगतात — पंख्याची घरघर काढली, खोकला काढला, मधल्या रिकाम्या जागा कापल्या. "मळका आवाज माझ्या हातून बाहेर जात नाही." जाहिरातीचं गाणं होतं का ते? वकीलबाईंनी कपाळाला हात लावला. मूळ कुठाय? पुसलं. काम झालं की पुसायचं, ही ह्यांची शिस्त. लग्नापासून ओला टॉवेल पलंगावर पडतोय, तिथे कुठे जाते ही शिस्त कोण जाणे.

१० मार्च

बोलत नाही ह्यांच्याशी.

२१ मार्च

कोर्ट. सरकारी वकिलाचा कोट कडक, अक्कल चुरगळलेली. म्हणे, चोरून टिपलेलं बोलणं पुरावा कसं होईल? न्यायाधीशांनी ते उडवून लावलं — "चोरून टिपलं एवढ्यावरून मी ते नाकारणार नाही." हायसं वाटलं. पण लगेच पुढे, "ह्यातून काय काय कापलंय, हे मला कोण सांगणार?" झालं. हे उभे राहिले आणि घरघर कशी काढतात ते न्यायाधीशांनाच शिकवायला लागले! सगळं कोर्ट हसलं. मागच्या बाकावरचा भागीदारसुद्धा. मूळ आणा, नाहीतर विसरा, असा एकूण सूर.

भाऊ कठड्यातून माझ्याकडे बघत होता. अगदी उतरलाय. मला वर बघवेना.

२४ मार्च

वकीलबाई म्हणतात, पुसलेलंही परत काढता येतं, रेकॉर्डर प्रयोगशाळेत द्या. ह्यांचं आपलं, "काही उपयोग नाही, उगाच मशीन खराब करतील." माझा भाऊ आत खराब होतोय, त्याचं काय? कपाटातून काढून मीच देऊन आले. रात्री हे जेवले नाहीत. मशीनवर केवढी ती माया! माझ्या बाळंतपणात तर दोन्ही वेळा पोटभर जेवले होते.

६ एप्रिल

मूळ मिळालं. वकीलबाईंनी मला एकटीलाच बोलावलं, कानाला हेडफोन लावले. पंखा, खोकला, कपबश्या. कबुली जशीच्या तशी. मग ह्यांनी कापलेली ती रिकामी जागा. ती रिकामी नव्हतीच. भागीदार म्हणतो, "पेट्रोल तर तूच आणून दिलंस." आणि ह्यांचा आवाज — "हळू बोल."

पुन्हा ऐकलं. पुन्हा तेच.

"हे कोर्टात दिलं तर भाऊ सुटेल," वकीलबाई म्हणाल्या. "पण घरी विचार करून सांगा."

७ एप्रिल

द्या म्हणून सांगून आले. ह्यांचे दोन सदरे, लेंगा, दाढीचं सामान पिशवीत भरलं. हे विचारतात, "कुठे निघालोय आपण?"