रंगीत करून देतो

सुरत, वराछा रोड
ता. २६ मार्च १९९६

अक्का,

पाया पडतो. पण तू परत तेच लिहिलंस. उखर्डू सुरतेला जाऊन मोठा झाला, बहिणीला आखाजीच्या सणाला माहेरी आणायला त्याला सवड नाही. दोन वर्षं तुझ्या प्रत्येक पत्रात हे वाक्य असतंच. तुला न्यायला मी एकटाच आहे का? गेल्या आखाजीला झुलालकाका मुराळी म्हणून आले होते ना? तुझ्या सासूबाईंनी त्यांना चहा पाजून तसंच परत पाठवलं. मी येऊन काय वेगळं होणार होतं? तूसुद्धा तेव्हा आतल्या खोलीतून बाहेर आली नाहीस, असं काका सांगत होते. ते मात्र तू कधी लिहीत नाहीस.

असो. माझी तब्येत बरी आहे. खोलीत आम्ही सहाजण, बठ्ठे आपल्याकडचेच. भाकरी मिळते, कळण्याची मिळत नाही. आबांच्या गुडघ्याला तेल पाठवलं होतं, ते त्यांनी बैलाला लावलं असं कळलं. बैलाला बरं वाटतंय म्हणे.

कामाचं सांगतो. नटुभाईंच्या दुकानात आता मला टीव्हीवरच्या व्हिडिओ गेमचं टेबल दिलंय. हे खेळ चीनकडचे. रेडिओच्या आतल्या जोडणीचा नकाशा मिळतो तसा यांचा कुठेच मिळत नाही. म्हणून नटुभाईंनी एक मेलेला सेट, मीटर, पेन्सिल आणि शंभर पानी वही पुढ्यात टाकली आणि म्हणाले, नकाशा तूच काढ. मीटरचं एक टोक इथे ठेवायचं, दुसरं तिथे. पीं वाजलं की समजायचं, दोन्ही जागा आतून एकच. मग ती रेघ वहीत काढायची. मी सातवीतून शाळा सोडलेला, भूगोलाच्या तासाला नकाशात जळगाव समुद्रात दाखवणारा. मला अकरा दिवस लागले. मधेच हात शिवशिवले की नटुभाई मनगटावर पट्टी मारायचे. ‘पहेला जो, पछी हाथ लगाड.’ आधी बघ, मग हात लाव. आता एका सेटमधून चित्राची तार मी वेगळी काढून सरळ टीव्हीला दिली, तर चित्रातल्या मुंग्याच गेल्या. शेजारच्या दुकानातले बघायला आले होते.

पण नवव्या दिवशी एक रेघ काढली आणि मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

अक्का, माझी पत्रं तुला तुझे दीर रुपचंदभाऊ वाचून दाखवतात, आणि तुझं उत्तर त्यांच्याच अक्षरात येतं. म्हणून दोन वर्षं मी तुला नुसतं हवापाणी लिहिलं. आज ते वाचताहेत हे धरूनच लिहितो. रुपचंदभाऊ, इथे जरा थांबा. तुमच्या आईंना बोलवा आणि पुढचं मोठ्यानं वाचा. मधलं गाळू नका.

तुमचा व्हिडिओ गेम तुमच्या वहिनीनं मोडला नाही. मी मोडला.

चौऱ्याण्णवला मी मुराळी म्हणून जामनेरला आलो, तेव्हा तुम्ही जळगावहून आणलेला नवा खेळ लावून बसला होता. टीव्ही रंगीत आणि खेळ मात्र काळा-पांढरा. मी धुळ्याला टेपरेकॉर्डरच्या दुकानात सहा महिने झाडू मारलेला, चार स्क्रू काढलेला. सगळ्यांसमोर बोलून गेलो, रंगीत करून देतो. तुम्ही म्हणालात, राहू द्या पाव्हणे, चालतोय तसा चालू द्या. तेव्हा अक्का म्हणाली, ‘दी टाका, मना भाऊ हुशार शे.’ तिच्या शब्दावर तुम्ही दिला.

धुळ्याला उघडला. आत क्रिस्टल दिसला, पत्र्याची नखाएवढी डबी असते. तसाच एक रंगीत टीव्हीत असतो आणि तो रंगाचा असतो, एवढंच मला माहीत. तेवढ्यावर मी खेळातला उपटला आणि टीव्हीतला बसवला. पडदा काळा. परत जुना बसवला, तरी काळा. तो क्रिस्टल नुसता रंगाचा नव्हता, सगळा खेळ त्याच्या ठोक्यावर चालायचा. आणि उपटताना त्याच्याखालची तांब्याची रेघ मी उचकटली होती. हे मला आता नकाशा काढल्यावर कळलं. पण खेळ मेला हे तेव्हाच कळलं होतं. दुकानातल्या टीव्हीला दोनदा लावून बघितला होता.

तरी अक्का परत सासरी निघाली तेव्हा टॉवेलात गुंडाळून मी तो तिच्या मांडीवर ठेवला. तिनं झाला का म्हणून विचारलं, ‘रंगीत व्हयना का रे?’ मी म्हटलं, घर जाईसन दख.

आठ दिवसांनी अक्काचं पत्र आलं. पारोळ्याजवळ गाडी आदळली, मांडीवरून खेळ घसरला, माझ्यामुळे तुझी मेहनत वाया गेली, रागावू नको. रुपचंदभाऊ, ते अक्षर तुमचंच होतं. मी उलट टपाली लिहिलं, असू दे अक्का, मी रागावलो नाही. मी तिला माफ केलं.

आई, तुम्ही म्हणालात, ही माहेरी जाते आणि घरचं मोडून आणते, आता जाणं बंद. ती शिक्षा माझी होती. ती दोन वर्षं तिनं भोगली आणि मी इथून तिला सवड नाही म्हणून कळवत राहिलो.

खेळ फेकला नसेल तर ठेवा. केसाएवढी एक तार लागते. तुमच्या ओट्यावर बसून, सगळ्यांदेखत लावीन. नाही चालला तर नवा आणून देईन. रंगीत मात्र होणार नाही. तेव्हाही होणार नव्हता.

अक्का, आता तुझ्याशी. आखाजीला पंचवीस दिवस आहेत. न्यायला मी यावं की काकांनी, ते तू ठरव. मी नको असेन तर तसं लिही, मी भांडणार नाही. उत्तर या वेळी कौतिकला लिहायला सांग. तुझा पोरगा आता चौथीत आहे, चुकला तरी मला कळेल.

तुझ्या शब्दाला न जागलेला,
उखर्डू

ता. क. मनिऑर्डर तुझ्या नावाने केली आहे, सही तूच कर, नाहीतर अंगठा दे. तुझं भाडं, कौतिकचं अर्धं, आणि तू ज्याला बोलावशील त्याचं पूर्ण. एकशे पाच रुपये.