पट्ट्याचा पीळ

आबा, आज पोलादपूरला मी ट्रेलर बाजूला घेऊन मालाचे पट्टे तपासत होते, तेव्हा तुमची फार आठवण आली.

सासर कायमचं सोडून मी माहेरी महाडला परत आले, तेव्हा घरात कुणी माझ्याशी धड बोलत नव्हतं. आई भाकऱ्या थापता थापता डोळे पुसायची. तुम्ही मात्र एकही प्रश्न विचारला नाहीत. एका सकाळी म्हणालात, "घरात बसून काय करतेस गो? चल माझ्याबरोबर ट्रेलरवर." लोक काय काय बोलले. तुम्ही मला मालावर पट्टा कसा टाकायचा, रॅचेटची दांडी हलवून कसा आवळायचा, ते शिकवत राहिलात.

त्या दिवशी चिपळूणला न्यायचे लोखंडी पाइप होते. गाडी थोडी चालली की माल बसतो आणि पट्टे ढिले पडतात, म्हणून तुम्ही नेहमीसारखे पोलादपूरला थांबलात. मी आवळलेल्या पट्ट्यावरून हात फिरवलात.

"हा सोड. परत बांध."

"आबा, एकच तर पीळ पडलाय."

"पीळ पडलेला पट्टा धरत नाय. धरल्यासारखा दिसतो फक्त."

पावसाच्या उघडिपीतल्या उन्हानं लोखंड तापलेलं. मी रागारागानं रॅचेट उघडलं, पट्टा सपाट केला, पाइपाच्या कडेला रबर घातलं, पुन्हा आवळलं. तुम्ही मदतीला आला नाहीत, सावलीत बसून बघत राहिलात. मग घाट लागला तरी मी तुमच्याशी बोलले नाही.

कशेडीच्या एका वळणापलीकडे दरड उतरलेली. तुम्ही ब्रेक दाबता. मागे पाइप एकमेकांवर करकरतात, सगळं वजन आपल्या पाठीवर झेपावतं, आणि थांबतं. दगडांपासून हातभर अंतरावर आपण उभे. तुम्ही उतरून मागे जाता, तुमच्यामागून मी. तो पट्टा तारेसारखा ताणलाय, पण जागचा हललेला नाही. तुम्ही त्याच्यावरून हात फिरवता. मग हातातले चामड्याचे मोजे काढून मला देता.

"उद्यापासून तूच बांध. मी बघणार नाय."

बघायचात तुम्ही रोज, आरशातून. मला कळायचं.

पुढे तुम्हाला दम लागायला लागला. मी लायसन काढलं, स्टिअरिंग माझ्याकडे आलं आणि तुम्ही शेजारच्या सीटवर. एकेक वळण यायच्या आधी हळू आवाजात सांगायचात, "आता डावीकडं दाब. आता सोड तिला." मला सगळी वळणं पाठ झाली होती, तरी तुम्हाला बोलू द्यायची. फार दिवस नाही मिळालं ते.

आता कशेडीला बोगदा झालाय. आत दिवे आहेत, रस्ता सरळ, बोलता बोलता माणूस पलीकडे निघतो. सगळे ड्रायव्हर खूश आहेत. हे पत्र कुठं टाकायचं नाही, म्हणून तुम्हाला सांगते. परत येताना ट्रेलर रिकामा असला, की मी अजून जुन्या घाटानंच येते. गाडीच्या मालकांनी विचारलं तर बोगद्यात गर्दी होती म्हणते. गर्दी नसते, आबा. बोगद्यातून तुम्ही कधी गेलाच नाहीत.